शेजारचा रिकामा तुकडा घ्यावा का?

सप्टेंबर उजाडला की भाजीच्या जमिनीविषयीची पत्रे वाढतात, कारण वर्षाच्या बोलीवर दिलेले तुकडे याच सुमारास एकाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जातात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवतीची आहेत. म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. आमच्या गावातील एका भाटकारांनी (जमीनमालकांनी) आपली पडीक जमीन तुकडे पाडून भाजीसाठी वर्षाच्या बोलीवर दिली आहे आणि त्यांतला सुमारे १०० चौरस मीटरचा तुकडा मी दोन वर्षे करीत आहे. मिरची, वांगी, तांबडी भाजी, मुळा आणि पावसात भेंडी, दोडकी असे घरापुरते पिकते. श्रावणात गवत आवरत नाही, त्यामुळे मागचे दोन वाफे दोन्ही वर्षी सुटले. एरवी तक्रार नाही. आता लागूनच असलेला दुप्पट मोठा, म्हणजे २०० चौरस मीटरचा तुकडा रिकामा होत आहे. सासूबाईंना हळद आणि सुरण लावायचे आहेत, त्यांना माझ्या तुकड्यात जागा नाही. ब्रिटनमध्ये स्विंडनला असलेली माझी नणंद तिथे अशीच भाड्याची बाग करते; ती म्हणते, संधी सोडू नकोस. यजमानांची कारखान्यात पाळी असते, त्यामुळे काम बहुधा मलाच पडेल. दसऱ्यापूर्वी होकार किंवा नकार कळवायचा आहे. काय करावे?

उत्तर : आपण तो तुकडा यंदा पूर्ण घेऊ नये, असे माझे मत आहे. भाटकार आणि शेजारी तयार असतील तर निम्मा घ्यावा, आणि तोही हळद, सुरण यांच्यासाठीच घ्यावा. भाजीचे वाफे वाढविण्यासाठी घेऊ नये. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते.

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे : मागचे दोन वाफे दोन्ही वर्षी सुटले. नव्या जमिनीचा निर्णय घेताना माणूस नवी जमीन न्याहाळतो, परंतु आपल्या हाताला किती जमीन झेपते याचा हिशेब जुन्या जमिनीनेच लिहून ठेवलेला असतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो; त्या काळात आठ दिवस पाठ फिरवली तर गवत घोट्याच्या वर येते आणि पंधरा दिवसांनी ते खुरप्याला दाद देत नाही, कोयताच घ्यावा लागतो. जे दोन वाफे सुटले ते जमीन वाईट होती म्हणून सुटले नाहीत. आपल्या आठवड्यातले तास तिथे संपले. त्या तासांत भर पडणार नसेल, तर तिप्पट जमिनीत दोनाऐवजी दहा वाफे सुटतील, आणि सुटलेल्या वाफ्यांतले गवताचे बी आपल्या चांगल्या वाफ्यांत येईल.

नणंदबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येत नाही. ब्रिटनमध्ये अशा बागांसाठी १९०८ पासूनचा कायदा आहे आणि जुन्या मापाने पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा धरला जातो. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने संध्याकाळी करावी अशी ती शेती आहे, आणि तिथे जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो म्हणून ते जमते. आपल्याकडे जूनमध्येही सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात तर सहानंतर थोड्याच वेळात. शाळा सुटून, घरी चहा करून आपण मळ्यावर पोहोचेपर्यंत हाती किती उजेड उरतो ते आपणच मोजावे. शिवाय तिथेही हल्ली नवशिक्याला पुष्कळदा पूर्णाऐवजी अर्धा तुकडाच देतात, हे नणंदबाईंना विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहीर कोणत्या टोकाला आहे आणि पंप कोणाच्या वाट्याला किती वेळ येतो, हे आपण लिहिलेले नाही, म्हणून एक आकडेमोड सांगते. आपल्या भागात मार्च ते मे या काळात भाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण ५ लिटर पाणी लागते. २०० चौरस मीटरमधून वाटा, कडेचा चर आणि खताची जागा वगळली तर प्रत्यक्ष वाफे १३० चौरस मीटरचे उरतील. त्यांना रोज ६५० लिटर, म्हणजे १० लिटरच्या झारीने ६५ खेपा. नळी असेल तर खेपा वाचतील, पाणी तेवढेच लागेल. वाळक्या पानांचे किंवा भाताच्या पेंढ्याचे जाड आच्छादन घातले तर ते कमी होते, तरी विहिरीत वैशाखात किती पाणी असते हा प्रश्न राहतोच. सप्टेंबरात प्रत्येक विहीर तुडुंब दिसते. तेव्हा ज्यांनी त्या जागेवर तीन-चार उन्हाळे काढले आहेत त्यांना विचारावे, आणि विहिरीच्या आतल्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा दिसत असतील तर त्याही पाहाव्यात.

जमीन पाहायला मात्र आताच जावे, तेही पाऊस पडत असताना किंवा सर थांबल्यावर लगेच. छत्री घेऊन तुकड्याच्या चारही कोपऱ्यांत उभे राहावे. पाणी कोणत्या बाजूने आत शिरते, कुठे साचते आणि अर्ध्या तासाने किती उरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की चर कुठे काढायचा ते आपोआप कळते. जिथे तासाभराने पाऊल घोट्यापर्यंत रुतते तिथे हळदीचे कंद कुजणार. अशा कोपऱ्यात अळू लावावे.

सावलीबद्दलही सांगते, कारण या दिवसांत तिचा अंदाज हमखास चुकतो. तुकड्याच्या दक्षिणेला फणस किंवा आंबा असेल, तर १० मीटर उंचीच्या झाडाची भर दुपारची सावली सप्टेंबरच्या अखेरीस सुमारे तीन मीटरच भरते; तीच डिसेंबरात उत्तरेकडे सुमारे ८ मीटर पसरते. म्हणजे मिरची-वांग्यांना ऊन हवे असते नेमके त्याच काळात वाफा सावलीत जातो. हळद आणि सुरण थोडी सावली सोसतात, त्यामुळे आपल्या बेताला त्याची अडचण नाही.

आता मातीविषयी, आणि इथे मला थोडे अधिक बोलायचे आहे. आधीच्या करणाऱ्याने तो तुकडा का सोडला, हे त्यांना भेटून विचारावे. वेळ नाही, बदली झाली, गुडघे दुखतात, ही कारणे असतील तर काळजी नाही. पण ‘वांगी धरतच नाहीत, हिरवी असतानाच माना टाकतात’ असे ते म्हणाले तर थांबावे. आपल्या आंबट, तांबड्या मातीत जिवाणूमुळे येणारी मर हा वांगी, टोमॅटो आणि मिरचीचा मोठा शत्रू आहे. पाने पिवळी न पडता, पाणी भरपूर असूनही, झाड एका दुपारी मान टाकते आणि दोन-तीन दिवसांत संपते. अशा झाडाचे खोड मुळाजवळ तिरके कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्याचे टोक बुडवून धरावे. मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात हळूहळू खाली उतरताना दिसतो. मी स्वतः कितीतरी वर्षांपूर्वी जो दुसरा तुकडा घाईने घेतला, त्यात पहिल्याच वर्षी वांग्यांची चाळीस रोपे लावली होती. कळ्या धरल्या होत्या, आणि दत्तजयंतीच्या आठवड्यात एकामागून एक सगळी गेली. तो पांढरा धागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि अजून विसरले नाही. हा रोग जमिनीत वर्षानुवर्षे राहतो. त्याच कुदळीने, त्याच चपलांनी आपण आपल्या निरोगी वाफ्यात जातो, हा खरा धोका आहे. नव्या तुकड्यात मर असल्याचे कळले तर तिथे वांगी, मिरची, टोमॅटो लावू नयेत. अळसांदे (आपल्याकडची चवळी), भेंडी, तांबडी भाजी, मका लावावा, आणि तिथली अवजारे धुतल्याशिवाय इकडे आणू नयेत.

गवत कोणते आहे तेही पाहावे. रानमोडी, लाजाळू दिसायला भयंकर असली तरी मुळापासून खणून निघतात. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याच्या जमिनीतल्या गाठी कुदळीने फुटून पसरतात आणि एका गाठीच्या जागी चार कोंब येतात. मूठभर माती एका ठिकाणी वीतभर खोल उकरून पाहावी. काळपट, शेंगदाण्याएवढ्या गाठी सुतासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर त्या जमिनीला पुढची दोन वर्षे द्यावी लागतील असे समजावे.

निम्मा तुकडा मिळाला तर माझा बेत असा आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर गवत कापून, खणून काढावे आणि जमिनीत ओल आहे तोवर अळसांदे पेरावेत; त्यांना फार पाणी लागत नाही, जमीन झाकली जाते आणि मुळांवरच्या गाठींमुळे मातीत नत्र येते. पेरण्यापूर्वी मातीचा नमुना घ्यावा : आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा करून त्याच्या एका बाजूची पातळ चकती काढावी, सगळी माती मिसळून सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो द्यावी. आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी केली तर नमुना तपासणीला कुठे द्यायचा ते सांगतात. चुना किती घालावा हे त्या अहवालावरच ठरवावे, शेजाऱ्याने किती घातला त्यावर नव्हे. एप्रिलमध्ये अळसांदे निघाल्यावर जमीन भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवावी. काळे प्लॅस्टिक यासाठी वापरू नये, कारण पारदर्शक प्लॅस्टिकखाली माती अधिक तापते. मग मे अखेरीस, मिरगाच्या आधी, चौरस मीटरला दोन किलो चांगले कुजलेले शेणखत घालून उंच गादीवाफ्यांवर हळद आणि खड्ड्यांत सुरण लावावे व वर हातभर ओला पाला पसरावा. ही पिके आठ-नऊ महिने जमिनीत राहतात आणि पाला नीट घातला असेल तर त्यांना आठवड्याला एका फेरीपेक्षा अधिक काही मागणे नसते. सासूबाईंची इच्छा पुरी होते आणि आपले तास मिरचीच्या वाफ्यांसाठी उरतात.

निम्मा मिळत नसेल आणि ‘घ्यायचा तर पूर्ण’ असेच उत्तर आले, तर सोडून द्यावा. त्या परिस्थितीत आपल्याच तुकड्याचे ते दोन सुटलेले वाफे हळदीला द्यावेत. वीस चौरस मीटरमध्ये एका घराची वर्षाची हळद सहज येते.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, निवृत्त, दिवाडी बेटावर राहतो. घराच्या मागे खाजन जमिनीच्या कडेला १५० चौरस मीटरचा तुकडा मला नाममात्र खंडाने मिळतो आहे. मला शेतीची सवय नाही, पण वेळ भरपूर आहे. गावातले काही जण म्हणतात माती खारट आहे, काही म्हणतात पावसाने धुऊन जाते. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोघांचेही खरे आहे, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत. खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन. भरतीचे पाणी बांधाने आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या वाटेच्या, दारांनी अडते. पावसाळ्यात गोडे पाणी वरचा खार खाली नेते, म्हणूनच कोरगूटसारखे खार सोसणारे भात तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. पाऊस गेला, ऊन वाढले की जमिनीतला ओलावा वर चढतो आणि त्याच्याबरोबर मीठही वर येते. नेमकी तीच भाजीची वेळ असते.

म्हणून, आपल्याला घाई नसेल तर या वर्षी खंड न देता फक्त पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी ऊन चढण्यापूर्वी तिथे जावे. ढेकळांच्या टोकांवर मिठासारखा पांढरा थर दिसतो का, चालताना वरची माती कुरकुरते का, हे पाहावे. आसपासचे लोक भात कापल्यावर त्या पट्ट्यात काही लावतात की जमीन तशीच सोडतात, हेही पाहावे. जिथे चार पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी दिवाळीनंतर काही लावलेले नाही, तिथे त्याला कारण असते. जवळच्या विहिरीचे पाणी शिंपायचे असेल तर तेही तपासून घ्यावे, कारण उन्हाळ्यात कडेच्या विहिरीही मचूळ होतात. माती आणि पाणी दोन्हींतला खार मोजता येतो. जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तीही दिवाडीहून फेरीने उतरल्यावर फार दूर नाही. किनारी जमिनींचा अभ्यास हेच त्यांचे काम असल्याने तिथे विचारणे योग्य.

एक प्रश्न भाटकारांना स्पष्ट विचारावा : बांधाला भगदाड पडले किंवा मानशीचे दार कुजले तर दुरुस्ती कोण करते? तो बांध कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), कूळ संघटना यांपैकी कोणाच्या देखरेखीखाली आहे, आणि शेवटची डागडुजी कधी झाली? एका रात्रीच्या भरतीत खारे पाणी आत आले तर त्या वर्षीची भाजी जाते, आणि मातीला पूर्ववत व्हायला पुढचा पावसाळा लागतो.

वेळ भरपूर आहे असे आपण लिहिता, ते मोठे भांडवल आहे. पण सवय नसताना १५० चौरस मीटरपासून सुरुवात करू नये, असे मी आपुलकीने सांगते. घराच्या अंगणात, जिथे बाहेरची तांबडी माती घालता येते, कमरेएवढ्या उंचीचे दोन वाफे चिऱ्यांनी बांधून घ्यावेत. प्रत्येकी एक मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाकावे लागत नाही. एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यांत काढावा. त्यानंतरही मन त्या तुकड्याकडे ओढ घेत असेल, आणि मार्चमध्ये ढेकळांवर पांढरे दिसले नसेल, तर अवश्य घ्यावा.

प्रश्न : आम्ही डिचोलीतील नवविवाहित दांपत्य. भाजीसाठी एक तुकडा मिळतो आहे, पण जमीनमालक कागद करायला तयार नाहीत. ‘आपला शब्द पुरे’ म्हणतात. खत, कुंपण, पाइप यांवर खर्च करावा का?

उत्तर : मालकांच्या नकारामागे अविश्वासच असेल असे समजू नये. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि त्यानंतर १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला हक्क दिले, त्यातून हजारो कुटुंबांना आधार मिळाला आणि जमीनमालकांच्या मनात कागदाची धास्तीही राहिली. ती धास्ती समजून घेऊन बोलले तर मार्ग निघतो. ठरावीक मुदतीसाठी, फक्त भाजी काढण्याच्या परवानगीचे, कोणताही कायमचा हक्क न सांगणारे एक पत्र वकिलाकडून लिहून घ्यावे. ते मालकांच्याही हिताचे असते. त्याआधी जमिनीचा फॉर्म १ व १४, म्हणजे मालक आणि कूळ यांची नोंद असलेला सरकारी उतारा, पाहावा. त्यात कुळाच्या रकान्यात तिसऱ्याच कोणाचे नाव असेल, तर मालकांच्या शब्दाचा उपयोग नाही. जमीन भातशेतीची असेल तर २०२३ पासून तिच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत, तेही वकिलांना विचारावे.

तोवर खर्च उचलून नेता येईल अशाच वस्तूंवर करावा : नळी, पंप, खांब न पुरता बांधता येणारी जाळी. खत घालावे, पण एका हंगामापुरते. चिऱ्यांचे कुंपण घालू नये, कूपनलिका खणू नये, आणि माड, लिंबू, शेवगा यांपैकी काहीही मालकांना विचारल्याशिवाय लावू नये. झाड जमिनीत रुजले की ते कोणाचे, हा प्रश्नही त्याच्याबरोबर रुजतो. केळ लावायचीच असेल तर ती कोणी न्यायची हे लावण्यापूर्वी बोलून घ्यावे.